आई झाडत होती

बाबा, तुमच्या पहिल्या वर्षश्राद्धाला मी तुमच्यावर दोन पानं लिहून वाचली होती, त्यातली एक चूक आधी दुरुस्त करते. डिचोलीतल्या आपल्या कॉम्प्युटर क्लासच्या उद्घाटनाबद्दल मी लिहिलं होतं की बाराही मशीनं एकदम सुरू झाली तेव्हा पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या आणि सगळ्यांत जास्त आईने वाजवल्या. आईने टाळ्या वाजवल्या नाहीत. तिचा डावा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता, आणि तो पदराखाली झाकून ती खिडकीपाशी मागच्या खुर्चीवर बसली होती. हात तुम्ही आदल्या संध्याकाळी मोडला होता. श्राद्धाला जमलेल्या माणसांपुढे हे वाचणं मला जमलं नसतं. पण टाळ्या न लिहिणं तरी जमलं असतं. त्या कोणी मागितल्या नव्हत्या, मी माझ्या मनाने घातल्या.

तुम्हाला जाऊन नऊ वर्षं होत आली आणि ही दुरुस्ती मी आत्ता करतेय, कारण ती दोन पानं परत छापायला मागितली आहेत. इब्रामपूरच्या वाटेवरच्या एका शाळेत तुमच्या नावाची कॉम्प्युटरची खोली होतेय. तुमच्या जुन्या विद्यार्थ्यांनी मिळून ती उभी केली, त्यांच्यातलेच एक आता शाळेच्या समितीचे अध्यक्ष आहेत. मोप्याकडच्या कुठल्याशा ऑफिसातून वीस जुनी मशीनं मिळाली, डिस्क काढून घेतलेली, आपल्या बारांसारखीच. ती एका सर्वरवरून चालती करण्याचं काम माझ्याकडे आलं. येत्या शनिवारी उद्घाटन आहे, आणि सर्वरचं बटण आईने दाबायचं असं त्यांनी ठरवलंय. आई नाही म्हणते. जेवत नाही धड. ती का नाही म्हणते हे फक्त मला ठाऊक आहे, आणि तिला जे वाटतं ते खरं नाही हेही फक्त मलाच.

तुम्ही कामाला होता ती खाण बंद झाली तेव्हा मी सातवीत होते. कंपनीची जुनी मशीनं लिलावात निघाली, आणि इतकी वर्षं तीच मशीनं सांभाळलेले तुम्ही त्यातली बारा घेऊन आलात. चालू केली की काळ्या पडद्यावर एक ओळ उमटायची आणि मशीन गप्प. भंगार आणलं म्हणून जो शेजारी हसला, त्याची तुम्ही भर बाजारात कॉलर धरलीत आणि पाववाल्या पोदेराच्या सायकलवर ढकलून दिलंत. पाव सगळे रस्त्यावर पडले. मी शाळेतून येत होते, मी ते वेचू लागले. मला तेव्हा तुमचा अभिमान वाटला होता. हे लिहायला नको वाटतं, पण वाटला होता.

मग डिस्क नसलेली मशीनं एका सर्वरवरून कशी चालवायची याचे कागद तुम्ही छापून आणलेत, महिनाभर वाचलेत आणि मला स्वैपाकघरात शिकवलंत. मी मशीन, तुम्ही सर्वर. मी दाराजवळ उभं राहून मोठ्याने विचारायचं: कोणी आहे का, मला पत्ता नाही. तुम्ही ओट्यापासून सांगायचं: मी आहे, तुझा पत्ता पाच, तुझी पहिली फाईल वरच्या फळीवर. फळीवरची वाटी उचलली की खाली चिठ्ठी, तिच्यात दुसरी वाटी कुठे ते लिहिलेलं, तिसऱ्या वाटीत शेंगदाण्याचा लाडू. मशीनच्या पोटात काही नसलं तरी चालतं, तुम्ही म्हणायचात, त्याला हाक मारता आली पाहिजे आणि जो उत्तर देतो त्याच्यावर विश्वास ठेवता आला पाहिजे. इतकं सोपं करून मला नंतर कोणी काही शिकवलेलं नाही. शिकवताना तुम्ही पुस्तकातलं मराठी बोलायचात आणि राग आला की गावची, इब्रामपूरची बोली. बोली कानावर आली की आई हातातली कामाची वस्तू खाली ठेवायची, लागू नये म्हणून.

एकदा मी दारातून हाक मारली आणि तुमच्या आधी आईच बोलली. ती भाकऱ्या भाजत होती. म्हणाली, "मी आसंय गो. हो घे तुझो पत्तो, चुलीकडे बस आणि खा." मी हसले. तुम्हीही हसलात, मी बघितलं. पण मी हसत हसत तिच्याकडे गेले आणि भाकरीचा तुकडा तोंडात घातला, तेव्हा तुमचा चेहरा बदलला. तुम्ही पकडीने तवा उचललात आणि फेकलात. तो तिच्या खांद्याजवळ भिंतीवर आपटून तिच्या पायावर पडला. कातडी तव्याला चिकटल्याचा वास मला अजून येतो, आणि तो भाकरी करपल्यासारखाच असतो, त्यामुळे तो केव्हाही येऊ शकतो. "एका घरात एकानंच जाब दिवचो," तुम्ही म्हणालात. "दोघांनी दिलो तर मशीन मरता." आई मोरीत पायावर पाणी ओतत होती. तुम्ही माझ्याकडे वळलात आणि शुद्ध मराठीत समजावलंत की खाजगी नेटवर्कवर पत्ते वाटणारा एकच असावा लागतो. दोघे असतील तर जो आधी बोलेल त्याचंच मशीन ऐकतं, आणि दुसऱ्याला पुढच्या फाईलची माहिती नसेल तर ते तिथेच लटकतं. मी ते वहीत उतरवून घेतलं. वही अजून माझ्याकडे आहे. त्या पानावरचं अक्षर चांगलं आहे, हात कुठेही थरथरलेला नाही.

आता उद्घाटनाचा आदला दिवस. क्लासची खोली बाजारात, कापडाच्या दुकानावर. आधीच्या भाडेकरूचा इंटरनेटचा डबा कोपऱ्यात होता, चालू होता, आणि त्याला हात लावायचा नाही हे तुम्ही मला दोनदा सांगितलं होतं, कारण तो स्वतःचे पत्ते वाटतो. दुपारी तीन वाजता तुम्ही खुर्च्या आणायला गेलात. मला शाळेच्या सहलीचे फोटो बघायचे होते. एका मुलीने ते टाकले होते आणि त्यात मी आहे की नाही एवढंच मला बघायचं होतं. तुमचा लॅपटॉप टेबलावर, आपल्या स्विचला, म्हणजे सगळ्या मशीनांच्या केबली जिथे एकत्र येतात त्या पेटीला जोडलेला. डबा लांब. लॅपटॉपपर्यंत पोचेल अशी केबल नव्हती, म्हणून डब्याची केबल मी टेबलाखालून आपल्याच स्विचमध्ये खोचली. फोटो बघितले. एका फोटोत मी होते, अर्धी. मग जिन्यावर आईची पावलं वाजली, मी लॅपटॉप मिटला आणि केबल तशीच राहिली. चार वाजता आईने खोली झाडली, पुसली, आणि पाचच्या सुमाराला बाल्दी घेऊन ती खाली नळाच्या रांगेत गेली.

तुम्ही पाचला आलात. मशीनं लावलीत. बारांतली सात सुरू झाली, पाच लटकली. परत लावलीत, तर नऊ सुरू आणि तीन बंद, आणि आधी चाललेली त्या तिनांत. प्रत्येक वेळी वेगळी. तुम्ही नेटवर्क कार्डं बदललीत, सर्वर पहिल्यापासून मांडलात, एका मशीनचा पत्रा उघडून आतली धूळ फुंकलीत, एक कीबोर्ड टेबलाच्या काठावर आपटून मोडलात. दुसऱ्या दिवशी दहा वाजता पाहुणे. काय झालंय हे मला पहिल्या पाच मिनिटांत कळलं होतं, बाबा. वहीत लिहिलेलं होतं. मी तुमच्या शेजारी उभी राहून तुम्हाला स्क्रू देत होते, पुढची चाळीस मिनिटं. तुमच्यासमोर वाकून केबल काढणं शक्य नव्हतं, आणि तुम्ही तिथून हलत नव्हता. मग तुम्ही विचारलंत, "कोणी हात लावल्यान हंय?" मी म्हटलं, "आई झाडत होती."

हे वाक्य मी नंतर पुष्कळ तपासलंय. त्यात एकही शब्द खोटा नाही. पोलिसांनी विचारलं असतं तरी मला ते बदलावं लागलं नसतं.

आई तेवढ्यात बाल्दी घेऊन दारात आली. तुम्ही विचारलंत, ती म्हणाली झाडताना वायरी बाजूला केल्या आणि होत्या तशा परत ठेवल्या. तिला खरंच तसं वाटत होतं. तुम्ही आधी कानाखाली मारलीत. बाल्दी सुटली, पाणी टेबलांखाली गेलं, आणि पाणी वायरींकडे चाललेलं बघून तुमचं उरलेलं भान गेलं. उघडलेल्या मशीनचा पत्रा तुमच्या हाताशी होता. तुम्ही तो दोन्ही हातांनी धरून मारलात. पहिला फटका पाठीत बसला. दुसरा डोक्यावर येत होता, तिने डावा हात वर केला. हाड मोडल्याचा आवाज पत्र्याच्या आवाजात मिसळला असावा, कारण मला तो वेगळा आठवत नाही. मला आठवतो तो तिचा पंजा, चुकीच्या दिशेला वळलेला, आणि पत्र्याच्या धारेने कापलेल्या जागेतून लादीवरच्या पाण्यात उतरणारं रक्त, पातळ, गुलाबी. तिसरा फटका तुम्ही मारलात तेव्हा ती खाली बसलेली होती. ती ओरडली नाही, खाली दुकान उघडं होतं.

मग तुम्ही पत्रा टाकलात आणि स्विचमधल्या केबली एकेक करून उपटू लागलात. डब्याची केबल हाताला लागली. तुम्ही ती बघितलीत, आईकडे बघितलंत, आणि म्हणालात, "झाडणाऱ्यान झाडू बघायचो." सुटलेली केबल दिसेल त्या भोकात हिनेच खोचली असं तुम्ही धरून चाललात, आणि मी तुम्हाला धरून चालू दिलं. तुम्ही मला मशीनं लावायला सांगितलंत. मी पाण्यातून फिरत एकेक लावत गेले. बारा पडद्यांवर ठिपके धावू लागले, बाराही सुरू झाली, आणि तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. त्याच वेळी तुम्ही मला तुमचा लाल मुठीचा क्रिम्पर दिलात, केबलच्या टोकाला खटका बसवायचा, तुमच्या खाणीतल्या नोकरीपासूनचा. म्हणालात, आता हा तुझा. आई जिन्यावर बसली होती. मी क्रिम्पर घेतला आणि थँक्यू म्हटलं.

इस्पितळात आईने सांगितलं की पुसलेल्या लादीवर पाय घसरला.

लेखात मी अभिमानाने लिहिलं होतं की तुम्ही माझ्यावर कधी हात उगारला नाही. तेही खरंच आहे. त्यानंतर चार वर्षांनी त्याच खोलीत, मुलांना शिकवताना, तुमचं हृदय थांबलं. तुम्हाला नेल्यावर खोलीतली मशीनं मी एकेक बंद केली. आईला म्हटलं, शेवटचं तू कर. तिने हात मागे घेतला. मला वाटलं दुःखाने.

हात मोडला त्या दिवसापासून आईने एकाही प्लगला हात लावलेला नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. मिक्सर मी लावून देते. मी कामावर असले तर ती चटणी पाट्यावर वाटते, मोडलेल्या मनगटाने. फोन चार्ज करायला खालच्या मजल्यावरच्या बाईंकडे जाते आणि प्लग त्यांना लावायला सांगते. मी चेष्टा करायचे, की आई, वीज तुला ओळखत नाही. ती हसायची.

आता जे झालं ते गेल्या गुरुवारी, शाळेत. माझी पद्धत तुमचीच आहे. सर्वरला दोन कार्डं, एक बाहेरचं, एक आतल्या स्विचचं, पत्ते फक्त आतल्या बाजूला, प्रत्येक मशीनचा पत्ता आधी कागदावर. मी सगळं तीन वेळा तपासते, तरी घरी जाताना बसमधून परत फोन करते, त्यामुळे शाळेत माझी थट्टा चालते. बुधवारी वीसही मशीनं चालली. गुरुवारी अकरा चालली. परत लावली, चौदा. बाबा, मला पहिल्याच मिनिटाला कळायला हवं होतं, जगात माझ्याइतकं ते कोणाला ठाऊक असणार, पण मी दोन तास सर्वरच उकलत बसले. स्वतःवर संशय घ्यायची सवय. शेवटी स्विचच्या मागे हात घातला तर शाळेच्या इंटरनेटच्या डब्याची केबल. कॉम्प्युटर शिकवणारी बाई, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, पेडण्याची, म्हणाली, "ती माझी. सकाळी निकाल बघायचे होते, मग राहिली." आणि हसली, आपण विसरलो की हसतो तशी.

क्रिम्पर माझ्या हातात होता. तो मी फेकला. तिच्या कानापासून वीतभर अंतरावर भिंतीचं प्लास्टर उडालं. तेवढ्याने भागलं नाही. मी तिचं मनगट धरलं आणि पिळलं, आणि ती वाकत गेली तरी सोडलं नाही. मला बरं वाटत होतं. ती गुडघ्यावर आली, तिच्या बांगड्या फुटल्या, माझ्या तळव्यात काच गेली तरी मी पिळत होते. तोंडाने काहीतरी बोलत होते. काय ते मला नंतर तिने सांगितलं. मी इब्रामपूरच्या बोलीत बोलत होते, जी मी एरवी बोलत नाही.

"मॅडम, हात सोडा," ती म्हणाली. "तोंडाने सांगितलं असतं तरी काढली असती मी."

मुख्याध्यापकांना तिने सांगितलं की दारात हात सापडला. मी तिथेच उभी होते. ते ऐकून मी बाहेर गेले आणि तळव्यातली काच काढली. मग परत आत गेले आणि दार नव्हतं, मी होते, असं सांगितलं. मुख्याध्यापकांनी टेबलावरचे कागद नीट लावायला घेतले. अध्यक्ष योगायोगाने तिथे होते, ते मात्र खूश झाले. म्हणाले, "सरांची मुलगी शोभतेस. आमच्या पाठीवर अजून सरांची केबल आसा. म्हणून तर शिकलो." आणि त्या मुलीला म्हणाले की तिने प्रसाद समजावा. तिने माझ्याकडे बघितलं. मी तिची माफी मागितली. तिने ठीक आहे म्हटलं नाही, आणि ते बरोबर केलं. शुक्रवारी ती मनगटाला पट्टी बांधून आली आणि मी आत आले की टेबलाच्या पलीकडच्या बाजूने जाऊ लागली. त्या जाण्यात एक हिशेबी सफाई होती. ती मी आपल्या घरात रोज बघितलेली आहे.

गुरुवारी घरी आल्यावर आईने माझा कापलेला तळवा बघितला. मी काय केलं ते तिला सांगितलं. ती हळद लावत बसली. मग विचारलं, "आणि मशीना? चालू झाली?" मी म्हटलं झाली. तेव्हा ती बोलू लागली, माझ्याकडे न बघता. ती बटण दाबणार नाही, मी त्या लोकांना तसं कळवावं. "माझो हात लागलो आणि तुझ्या बापाशीची बारा बंद पडली," ती म्हणाली. "थंय वीस आसत. तुझी." नंतर म्हणाली की माराचं तिला कधी काही वाटलं नाही, माणूस जिद्दीने उभा राहत होता आणि तिने त्याचं काम मोडलं, तिच्या हाताला गुणच नाही. झाडताना आपण नेमकी कुठली वायर कुठे लावली हे ती आजही आठवून बघते, आणि तिला आठवत नाही.

तिला आठवणार कसं. मी हळद लावून घेत होते. तोंड उघडलं आणि म्हटलं, "आई, जाऊ दे ना ते." तेरा वर्षांची मी सव्वीस वर्षांच्या तोंडाने बोलले.

तुमच्यावर मी रागावले आहे का, हे तपासायला मी हे लिहायला बसले होते. आहे. पत्रा तुम्ही उचललात, तो मी तुमच्या हातात दिला नव्हता, आणि केबल मी लावली म्हणून आईचं हाड मोडायला हवं होतं असं नाही. हे मला आता स्वच्छ लिहिता येतं. पण तुमचा राग तुमच्याबरोबर गेला असं मी समजत होते, आणि तो माझ्या उजव्या हातात गुरुवारपर्यंत नुसता बसून होता. त्याचं काय करायचं मला माहीत नाही. त्या मुलीपुरतं मी एवढं केलं की उरलेलं काम मी ती नसताना करते, आणि अध्यक्षांना कळवलं की माझी दोन पानं छापू नयेत. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, त्यात चूक आहे. ते म्हणाले, एवढ्याशा चुकीने काय होतं.

खरं सांगायचं तर हे पत्र तुमच्यासाठी नाहीच. तुमच्यापुढे लिहिलं की माझी वाक्यं नीट लागतात, लहानपणापासून तसंच आहे, म्हणून तुम्हाला समोर बसवलं. आईला जे सांगायचंय ते फक्त एवढं आहे: डब्याची केबल मी लावली, मला माहीत होतं, मी बोलले नाही, आणि तुझं नाव मी घेतलं. त्यानंतर ती शनिवारी बटण दाबेल की नाही, माझ्याशी बोलेल की नाही, ते तिचं आहे. ती मला मारेल असं मनात येतं, आणि लगेच कळतं की ती कोणालाच मारणार नाही, आणि तेच कठीण जाणार आहे.

मंगळवारी सांगेन असं मी आधी लिहिलं होतं, ते खोडलंय. सोमवारी तिचा उपास असतो, उपाशी माणसाला असं काही सांगू नये, हे कारण मी शोधून काढलं होतं. उपासाला ती साबुदाण्याची खिचडी पोटभर खाते. मला फक्त एक दिवस जास्त हवा होता. तेव्हा परवा, सोमवारी, सकाळी, कामावर जायच्या आधी.